कडक शॉकपचे भक्त

मराठी माणसाला जे जे कडक ते ते प्रिय असते. चहा कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक, आणि पत्रिकेत मंगळ असलाच तर तोही कडक. कडक साहेबाची बदली झाली की वर्षभर त्याला शिव्या घालणारेच निरोपसमारंभात "शिस्त होती हो त्यांच्या वेळी!" म्हणून डोळे पुसतात. इथवर माझी तक्रार नाही. पण कडकपणाचा हा सोस जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांपर्यंत पोचला, की मात्र गप्प बसणे मला जमत नाही.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे. हर्ण्याच्या खाऱ्या वाऱ्यात तिला उभी ठेवणे म्हणजे बर्फाशिवाय सुरमई टिकवण्यातला प्रकार, पण आहे. अमेरिकेत 1964चे मॉडेल म्हणून पोंटियाक जीटीओ नावाची धिप्पाड मोटार निघाली. तिच्या इंजिनात म्हणे 325 घोडे होते. त्याच सुमारास आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडत होती. 1974 साली तिचेच नाव पद्मिनी झाले. इंजिन 1089 सीसीचे, घोडे चाळीसेक, आणि तेही मध्यमवर्गीय. तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा चाकरमान्यांनी हळहळ व्यक्त केली आणि हळहळून झाल्यावर नव्या गाड्यांचे हप्ते भरले.

तर अशा या पद्मिनीचे मागचे शॉकप बदलायचे ठरले, की गावात एकही माणूस अडाणी राहत नाही. ज्याने जन्मात सायकलची चेन बसवली नाही, तोही बंदरावरच्या लिलावातून मान वर करून सांगतो, "भाऊ, कडक टाका हो! जीपचे टाका. गाडी कशी ताठ राहील बघा!" दुसरा म्हणतो, "मागून जरा उचलून घ्या, रुबाब येतो." हे उचलण्याचे फ्याडही अमेरिकेचेच. तिथली पोरे 1970च्या दशकात हवेचे शॉकप घालून गाडीचा मागचा भाग वर करीत, कारण खाली रुंद टायर बसवायचे असत. त्यांच्याकडे निदान टायर तरी रुंद होते. आमच्याकडे रुंद काय आहे? फक्त सल्ला.

आता शॉकपचे काम काय, हे एकदा रोखठोक सांगतो. गाडीचे वजन शॉकप पेलत नाही. ते पेलतात कमानपाटे. पद्मिनीला मागे अखंड आक्सल आणि त्याखाली दोन बाजूंना पाटे. खड्डा आला की पाटा दबतो, मग उसळतो, मग पुन्हा दबतो. कर्जदारासारखा एकदा हलला की हेलपाटे संपत नाहीत. हे हेलकावे थांबवणे एवढेच शॉकपचे काम. आतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांतून जाते, आणि दणक्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. आमच्या भाषेत सांगायचे तर दणका ज्या दिवशी खात्यात पडला त्याच दिवशी मिटवायचा, पुढच्या पानावर ओढायचा नाही.

मग शॉकप फाजील कडक केला तर काय होते? चाकाला वर-खाली व्हायला सवडच मिळत नाही. दणका सरळ बॉडीत येतो. शिवाय एका खड्ड्यात आखडलेले चाक खाली उतरायच्या आत दुसरा खड्डा हजर होतो. डिकी रिकामी असली तर वळणावर टायर रस्ता सोडून टणाटण उड्या मारतो. पद्मिनीला ओढ मागच्याच चाकांची. तीच चाके हवेत गेली तर दापोलीच्या वळणावर तुमचा रुबाब कुठल्या कुंपणात सापडेल ते सांगता येत नाही. टायर जमिनीला धरून राहावा म्हणून जी वस्तू बसवली, तीच त्याला जमीन सोडायला शिकवू लागली, तर तिला चांगली कशी म्हणायची?

कडकपंथीयांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो खरोखरच वजनाचा आहे. "डिकीत मासळीचे डबे टाकले की गाडी मागे बसते, त्याचं काय?" खरे आहे. गाडी मागे बसली की दिवे आभाळाकडे बघतात आणि समोरचा ड्रायव्हर आपल्या पूर्वजांची आठवण काढतो. पण बसलेली गाडी हा पाट्यांचा आजार आहे, त्याला शॉकपचे औषध कशाला? पाट्यांची कमान उतरली असेल तर ती भरून घ्या, तुटलेले पान बदला, आणि सहा डब्यांऐवजी तीन न्या. क्याशियरला रजेवरच्या शिपायाचे काम सांगितले, तर ना पैसे मोजून होतात ना चहा येतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शॉकप त्याच गाडीच्या मापाचा घ्यावा. पूर्ण ताणल्यावर आखूड पडला तर आक्सल त्याच्यावर लोंबकळते, लांब झाला तर दबताना आतून ठोकर खातो. बदलायचे ते जोडीने. एक नवा आणि एक जुना म्हणजे एका बाजूने लंगडणारी गाडी. खराब रस्त्यावर लांब जाणार असाल तर गॅसचा जरूर बघा, कारण त्यातला नायट्रोजन तापलेल्या तेलाला फेस येऊ देत नाही. पण गॅसचा म्हणजे कडक, असा अर्थ काढू नका. रबरी बुश आणि बोल्ट सोबत नवे घ्या, आपल्याकडे समुद्र त्यांना लोखंडाचे पापड करून ठेवतो. बसवून झाल्यावर डिकी हाताने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर बरोबर. नाचत राहिली तर काम फुकट, आणि दबलीच नाही तर ग्यारेजवाल्याने तुमचे ऐकले नाही, गावाचे ऐकले.

शेवटी एकच विचारतो. मागचे शॉकप कोणते घालायचे हे ठरवतो कोण? पुढे बसणारा. आणि मागे बसते कोण? आई, आत्या, मांडीवर नातू, पायाशी फणसाचे पोते. "आत्या, लागलं का हो?" असे पुढून विचारले, की कमरेचा मणका सावरीत ती माउली म्हणते, "नाही रे, ठीक आहे." आमच्या घरांतून बायकांचे हे "ठीक आहे" आजवर कुणी तपासून पाहिलेले नाही, आणि त्या जोरावरच पुढच्यांचा सगळा कडकपणा चालला आहे. तेव्हा कडक शॉकपच्या तमाम भक्तांना माझी विनंती, की पसंती कळवण्यापूर्वी हर्णे ते दापोली एक फेरी मागच्या सीटवर, आक्सलच्या बरोबर वर बसून करावी. परत आल्यावरही मत तेच राहिले तर जरूर सांगा. उभ्याने सांगितलेत तरी चालेल; बसवणार नाहीच.