प्रसूती दवाखान्यात झाली, पण पुढचे २८ दिवस?

महाराष्ट्रात आता बहुतेक बाळं दवाखान्यातच जन्माला येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ९०.३ टक्के होतं. ही नक्कीच चांगली गोष्ट आहे. पण याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं चौथ्या फेरीत ५७.५ टक्के होती, ती पाचव्या फेरीत ५३.२ टक्क्यांवर आली.

म्हणजे दवाखान्यातल्या प्रसूती वाढल्या, पण बाळाला सर्वात आधी मिळायला हवी ती गोष्ट मिळण्याचं प्रमाण घटलं. पहिल्यांदाच आई-बाबा होणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. सुरक्षित प्रसूतीची काळजी आपण सगळे घेतो. त्यानंतरच्या दिवसांची जबाबदारी मात्र दवाखाना आणि घर यांच्या मध्येच कुठेतरी राहून जाते.

धोका नेमका कधी असतो?

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार देशात दर हजार जन्मांमागे २८ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्यातली २० बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती आणि त्यातली १५ पहिल्याच आठवड्यात. महाराष्ट्राची स्थिती बरीच चांगली आहे. इथे बालमृत्यूदर १६ आणि नवजात मृत्यूदर ११ होता. तरीही वर्षभरातल्या मृत्यूंपैकी दोनतृतीयांश मृत्यू इथेही पहिल्या महिन्यातलेच.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे अनुभवाने ठाऊक होतं. पाचवी-सटवीच्या दिवसांची एवढी धास्ती उगाच नव्हती. नाळेतून होणारा धनुर्वात साधारण याच दिवसांत दिसायचा. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे तो आजार जवळजवळ गेला. २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. आता राहिली आहेत ती मुख्यतः कमी दिवसांची आणि कमी वजनाची बाळं, जंतुसंसर्ग, जन्मताना श्वास कोंडणं आणि जन्मजात दोष. यातल्या संसर्गाची, कमी दूध मिळण्याची आणि वाढत्या काविळीची लक्षणं अनेकदा घरी गेल्यावर दिसू लागतात.

पहिला तास का हुकतो?

याचं एक कारण सिझेरियन आहे. राज्यात सिझेरियनचं प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेलं. आई शस्त्रक्रियेच्या खोलीत, बाळ बाहेर नातेवाइकांच्या हातात आणि कुणीतरी मधाचं बोट लावायला तयार, हे चित्र नेहमीचंच. पण सिझेरियन झालं म्हणून दूध थांबवायची गरज नसते. कमरेखाली भूल दिलेली असेल तर आई शुद्धीत असते. कुणी बाळाला धरून ठेवलं तर ती आडवी असतानाही पाजू शकते.

दुसरं कारण म्हणजे ‘अजून दूधच आलं नाही’ हा समज. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर चिकाचं दूध थोडंच असतं. बाळाला एका वेळी लागतंही साधारण एक चहाचा चमचा. त्यात संसर्गाशी लढणारे घटक भरपूर असतात. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, आणि बाळ कमी ओढतं म्हणून आईचं दूधही कमी येतं.

म्हणून प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना आणि सिस्टरना सांगून ठेवा: ‘बाळ ठीक असेल तर लगेच आईच्या उघड्या छातीवर द्या आणि तासाभरात पाजायला मदत करा.’ हे सांगण्याचं काम बाबांनी करावं. त्या वेळी आई बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही. बाळाला जन्मतः व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली का, हेही विचारून घ्या.

घरी आल्यानंतर पडणारं अंतर

नॉर्मल प्रसूतीनंतर साधारण ४८ तासांनी सुट्टी मिळते. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत उतरतं आणि कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. म्हणजे ज्या दिवशी बाळाला बघायला हवं, त्या दिवशी ते घरी असतं. खासगी दवाखान्यातून घरी आलेल्या अनेक बाळांची पुढची ठरलेली भेट थेट दीड महिन्याच्या लसीची असते.

हे अंतर भरून काढता येतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात.

अडचण अशी की नाव सासरच्या गावात नोंदलेलं असतं आणि बाळंतीण माहेरी असते. त्यामुळे माहेरी पोचताच तिथल्या आशाताईंना कळवा. शहरात घरी कुणी येत नसेल तर सुट्टी घेतानाच तिसऱ्या ते पाचव्या दिवसाची आणि सातव्या ते दहाव्या दिवसाची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या भेटीत वजन आणि कावीळ तपासली गेली पाहिजे.

घरातल्या प्रथा: काय ठेवावं, काय सोडावं?

बाळंतिणीला विश्रांती, गरम ताजं जेवण, बाळाला हलक्या हाताने तेल लावणं, हे सगळं जरूर ठेवा. खालील गोष्टी मात्र टाळा:

- मध, गुटी, साखरेचं पाणी किंवा साधं पाणी. सहा महिने फक्त आईचं दूध पुरतं, उन्हाळ्यातसुद्धा. मध तर वर्षभर नकोच.
- नाळेवर हळद, तेल, राख किंवा पावडर. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा.
- डोळ्यांत काजळ, नाका-कानांत तेल, बाळाची छाती पिळणं.
- बंद खोलीत शेक-शेगडी आणि धुरी. बाळाला ऊब द्यायला टोपी, मोजे आणि आईचं अंग पुरेसं आहे.
- पहिल्या २४ तासांत अंघोळ.
- काविळीवर उपाय म्हणून नुसतं कोवळं ऊन. कावीळ वाढत असेल तर तपासणी आणि गरजेप्रमाणे दवाखान्यातला प्रकाशोपचारच लागतो.

आजी किंवा सासूबाई आग्रह करत असतील तर सुनेला एकटीला वाद घालायला लावू नका. त्यांनाही डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या. बाळाला तपासताना कारण सांगितलं की बहुतेक आज्यांना ते पटतं.

थांबू नका, लगेच दाखवा

- बाळ नीट ओढत नाही, किंवा दूध पिणं अचानक कमी झालं
- खूप सुस्त आहे, उठवूनही उठत नाही
- काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा ३५.५ पेक्षा कमी
- शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत जाते
- झटके येतात
- पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले
- नाळेभोवती लाली किंवा पू
- पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी

नवजात बाळाला ताप येईलच असं नाही. संसर्ग झालेलं बाळ उलट थंडगार आणि गप्प पडतं. ‘किती शहाणं आहे, रडतच नाही’ असं म्हणून वाट बघण्यात मोलाचे तास जातात. यातलं एकही लक्षण दिसलं तर रात्र असली तरी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेत बाळाला छातीशी धरून उबदार ठेवा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर वर्षभरापर्यंत मोफत उपचारांची तरतूद आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबू नका.

बारशाची यादी करताना एक कागद आणखी करा: पहिल्या आठवड्यात कुणाला दाखवायचं, कोणत्या तारखेला, आणि रात्री गरज पडली तर कोणत्या दवाखान्यात जायचं. तो कागद कपाटाच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवून ठेवा.