रोजा तुटला का रे?

रमजान सुरू झाला की होस्टेलवर दोन प्रश्न ठरलेले असतात. "पाणीसुद्धा नाही?" आणि "मग थुंकी गिळली तर?" पाणी नाहीच, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत एक थेंबही नाही. थुंकी मात्र खुशाल गिळा. उपवास म्हटला की ज्यांच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी येते, त्यांचा गोंधळ होणारच म्हणा!

जाणूनबुजून खाल्लं, प्यायलं, सिगरेट ओढली, तंबाखू-गुटखा खाल्ला, शरीरसंबंध आला किंवा मुद्दाम उलटी काढली, तर रोजा तुटतो. विसरून बिस्किट खाल्लं आणि आठवताच थांबलात, तर रोजा शाबूत. आपोआप उलटी झाली तरी शाबूत. तापाचं इंजेक्शन बहुतेक उलेमांच्या मते चालतं. दम्याच्या पंपाबद्दल मात्र मतभेद आहेत.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. सवलतींचा विषय काढला की मात्र पोरं गप्प! जणू सवलत म्हणजे पळवाट. कुराणात सूरह बकरची १८५ वी आयत बघा. रमजानचे रोजे ठेवा हा हुकूम ज्या आयतीत आहे, त्याच आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्याला म्हातारपणामुळे किंवा न बरं होणाऱ्या दुखण्यामुळे पुढेही जमणार नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदया म्हणतात.

आता आमच्या जव्हार-मोखाड्याचं सांगतो. प्रवासाची सूट साधारण ऐंशी किलोमीटरच्या आसपास लागू होते. म्हणजे जव्हारहून मुंबईला निघालात तर तुम्ही प्रवासी, जव्हार-मोखाडा एस.टी.त घाटाने पोट कितीही ढवळून काढलं तरी नाही!

चेष्टा बाजूला ठेवू. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल, तर तिलाही सूट आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव देशभर झालं. (तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला.) ते आदिवासी पाडे, तिथे रोज्याचा संबंध नव्हता. पण आईच्या पोटात अन्न नसलं की बाळाचं काय होतं, हे आमच्या भागाला बाहेरच्या कुणी सांगायला नको. अशा ठिकाणी "लोक काय म्हणतील" म्हणून सुनेने सातव्या महिन्यात रोजा धरावा आणि सासूने त्याचं कौतुक करावं, हे मला पटत नाही.

होस्टेलवर तेच लोक, फक्त वय कमी. इन्सुलिन घेणारा मुलगा रोजा सोडायला लाजतो. नुसती परीक्षा आहे म्हणून सूट मिळत नाही, हे बरोबर. पण वर्कशॉपमध्ये लेथसमोर चक्कर येऊ लागली, जिवावर बेतेल असं वाटलं, तर तिथेच पाणी प्यायचं. तो रोजा नंतर भरता येतो, बोटं नाही.

मुलींची अडचण याहून वेगळी. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचाच नसतो. ते रोजे नंतर भरायचे. पण "आज का गं नाही?" असं चारचौघांत विचारल्यावर तिने काय उत्तर द्यायचं? मग दार लावून चोरून खायचं.

आणि मेसचं काय? चांगल्या मनानेच, पण रमजानभर आमची नावं दुपारच्या यादीतून सरसकट कापली जातात. सहेरीचा डबा रात्रीच मिळतो, त्याबद्दल मनापासून आभार. दुपारचं मात्र आदल्या संध्याकाळी रजिस्टरमध्ये ज्याचं त्याने लिहावं, "हो" किंवा "नाही". कारणाचा रकाना ठेवू नये.