जुन्या पुलाचा कृष्णधवल फोटो

पावसाने जोर धरला की कृष्णाकाठी सकाळी एकच चौकशी असते, “आयर्विनला पाणी किती फूट?” सांगलीचा हा जुना पूल संस्थानच्या काळातला. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. इथे ४० फुटांना इशारा व ४५ फुटांना धोका समजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. गोठ्यातली जनावरे कधी हलवायची, हे काठची घरे या आकड्यावरून ठरवतात.

असा पूल नुसता येण्याजाण्याचा रस्ता नसतो, तो गावाची वहीच असतो. कोणता पूर कुठवर आला, याची नोंद त्याच्या दगडांवर राहते. ही वही वाचता येईल असा फोटो घरात हवा, आणि तो कृष्णधवल असेल तर फारच उत्तम.

कृष्णधवल का? रंगीत फोटोत आपली नजर झुडपांकडे, जाहिरातींकडे, कुणाच्या लाल साडीकडे जाते. रंग काढून टाकले की उरतो फक्त उजेड आणि सावली. मग दगडांचे सांधे, निघून गेलेला चुना, कमानीतली भेग, खांबावरची गाळाची रेघ हे सगळे डोळ्यांत भरते. दुसरे कारण टिकाऊपणाचे. जुन्या पद्धतीचा कृष्णधवल फोटो चांदीच्या बारीक कणांनी बनतो, रंगीत फोटो रंगद्रव्यांनी. म्हणून आजोबांचा फोटो अजून स्पष्ट दिसतो आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी काढलेला लग्नाचा रंगीत फोटो मात्र तांबूस पडलेला असतो.

आता फोटो कसा काढावा ते पाहू. मोबाइल असला तरी चालेल.

एप्रिल-मे महिन्यात पात्र उघडे पडते, तेव्हा खाली उतरून काढा. खांबांचे पाय तेव्हाच दिसतात. भर दुपारी नको, दगड सपाट दिसतो. सकाळचे किंवा उतरतीचे तिरपे ऊन पुलाच्या अंगावर असावे. मोबाइल वर उचलून धरू नका, खांब मागे कलल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा चार पावले मागे सरा. खांबाजवळ एखादा माणूस उभा करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाल रंगात लिहिलेला आकडा कृष्णधवल फोटोत करड्या दगडात मिसळून जातो. म्हणून आधी रंगीत काढा, तो तसाच ठेवा आणि त्याची कृष्णधवल प्रत करून घ्या.

दरवर्षी त्याच जागेवरून दोन फोटो काढावेत, एक पावसाळ्याआधी आणि एक पूर पूर्ण ओसरल्यावर. हे हौसेपुरते नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतले प्रवासी नदीत गेले. पूर खांबाच्या बुडाची माती ओढून नेतो आणि वरून काही कळत नाही. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले तर बूड किती उघडे पडले, भेग किती वाढली, हे शाळकरी पोरालाही दिसते. असे काही दिसले तर फोटोच्या प्रती अर्जाला जोडून ग्रामपंचायतीत आणि बांधकाम खात्यात द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीपेक्षा अशा अर्जाला वजन असते.

फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने तारीख, नदी आणि कुठल्या काठावरून काढला ते लिहा. ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, फोटो काचेला चिकटतो. कोरड्या पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांशेजारी ठेवा.

पूर चढत असताना मात्र फोटोसाठी पुलावर कुणी जायचे नाही, पोरांना तर मुळीच जाऊ देऊ नका. रेघ दगडावर राहतेच, ती पाणी उतरल्यावर टिपता येते. आयर्विन नावाजलेला आहे, त्याचे फोटो पुष्कळ निघतील. तुमच्या ओढ्यावरच्या दगडी मोरीचा फोटो तुम्हीच काढायला हवा.