गणिताची एम. एस्सी. आणि कारखान्याचे दार

"गणितात एम. एस्सी. करून पुढे काय? मास्तरकीच ना?" गोव्यात गणित घेणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. त्यावर उतारा म्हणून 'उद्योगाभिमुख' एम. एस्सी.ची भाषा बोलली जाते. भाषा चांगली आहे. पण त्या पदवीसाठी सक्तीचे काय असावे, हे ठरवताना घाई होते. थिअरी कापा, पायथन घाला, झाला अभ्यासक्रम उद्योगाभिमुख! हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला पहिली नोकरी लवकर मिळते, हे खरेच. घरची ओढाताण असेल तर त्याचे मोल मोठे. पण सॉफ्टवेअर बदलत राहते. काल फोरट्रान, मग मॅटलॅब, आज पायथन. आतले गणित मात्र तेच राहते. आपले गोंयकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1943 साली एक शोधनिबंध लिहिला. यादृच्छिक बदलांची गुंतागुंत मोजक्या घटकांत कशी मांडावी, हे त्यात होते. कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे संदेशप्रक्रियेत आणि चित्रांच्या संगणकीय कामात वापरली गेली. कोसंबींच्या हाताशी संगणक नव्हता, पाया मात्र पक्का होता.

म्हणून लीनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमरिकल ॲनॅलिसिस, संख्याशास्त्र आणि ऑप्टिमायझेशन हे विषय सक्तीचेच हवेत. प्रोग्रामिंगही हवे, पण वेगळ्या कोपऱ्यात नको. पहिल्या सत्रात शिकवावे आणि पुढे प्रत्येक विषयात वापरून घ्यावे. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला 'टेक्नोमॅथेमॅटिक' नावाचा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यात गणिताच्या जोडीला संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीसारखा एक विषय घ्यावा लागतो. गणित हा कणा तसाच राहतो.

आपल्याकडे खरी उणीव वेगळीच आहे. परीक्षेतल्या गणितात लागेल तेवढी माहिती दिलेली असते, ना कमी ना जास्त. कारखान्यातला प्रश्न असा सोवळ्यात येत नाही. समजा, वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यात विचारले, "काही बॅचमधल्या गोळ्यांत ओलावा जास्त का राहतो?" यात समीकरण कुठे आहे? काय मोजायचे, काय सोडून द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. ऑक्सफर्डमध्ये 1968 साली गणिती आणि उद्योगातली माणसे अशाच कच्च्या प्रश्नांवर एकत्र बसली. त्या अभ्यासगटांची प्रथा पुढे अनेक देशांत गेली.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. शेवटचे एक सत्र खऱ्या प्रश्नावरच्या प्रकल्पाला सक्तीने द्यावे. त्यासाठी जागा हवी, तर शुद्ध गणिताचे वरच्या पातळीचे काही पेपर ऐच्छिक करावेत, पायाचे नव्हेत. प्रकल्पाचा अहवाल गणित न शिकलेल्या व्यवस्थापकालाही कळेल अशा भाषेत लिहिलेला असावा आणि त्याला गुण असावेत. मार्गदर्शक शिक्षकाचे हे तास त्याच्या कामाच्या हिशेबात धरावेत. नाहीतर प्रकल्प म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पाने, हे आपण सगळेच जाणतो!

आणि हो, असे शिकलेला एखादा मुलगा मास्तर झालाच, तर वर्गातल्या पोरांचे भाग्यच म्हणायचे.