माटुंगा ते परळ
मुंबईतली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था १८८७ सालची, १९२३ पासून माटुंग्यात. परळचा रेल्वे कारखाना १८७९ चा. मध्ये अंतर दोन स्टेशनांचं, पण पदवी हाती आलेल्या इंजिनिअरला ते तोडायला उमेदवारीच लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर आले १९७३ च्या दुरुस्तीनं. कारखान्यात उमेदवारी करणारा आयटीआयचा पोरगा लोखंडी तुकडा कानशीनं घासतो, गुण्या लावून उजेडाकडे धरतो; फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासतो. पदवीधरानंही त्याच्या शेजारी उभं राहून हात काळे करायला हवेत. कायदा उमेदवाराला कामगार नव्हे, शिकणारा मानतो आणि पगाराऐवजी विद्यावेतन देतो. मग त्याला वर्षभर नुसत्या फायली वाहायला लावणाऱ्या आस्थापनांना जाब विचारलाच पाहिजे.