शाईवाल्याची मालकी

एखाद्या शाईच्या दुकानदारानें दौतीवर अशी चिठ्ठी डकविली कीं, या शाईनें जें काव्य लिहिलें जाईल त्याचे सर्व हक्क दुकानाकडे राहतील, तर गिऱ्हाईक त्याला हंसेल आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढेल. परंतु हेंच वाक्य संगणकावरील खेळाच्या परवानापत्रांत छापलें म्हणजे तें एकाएकीं कायदेशीर दिसूं लागतें, आणि त्याची तरफदारी करावयास चांगलीं शहाणींसुरतीं माणसें पुढें सरसावतात. २०२० सालच्या जानेवारींत ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीनें ‘वॉरक्राफ्ट ३’ या आपल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ति काढली, तेव्हां तिच्या नियमांत अशीच एक अट घातली. खेळाडूंनीं त्या खेळाच्या आधारें रचलेले सर्व खेळ ही एकट्या कंपनीची मालमत्ता. रचनाकारानें आपले सर्व हक्क कंपनीच्या स्वाधीन करावे. आणि रचनाकार या नात्यानें जे नैतिक हक्क दुसऱ्यास देतां येत नसतील, तेही कांहीं मोबदला न घेतां सोडून द्यावे, असा तिचा आशय.

ज्या वाचकांचा या खेळांशीं संबंध मुलांच्या अभ्यासाविषयीं तक्रार करण्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. युद्धनीतीचे हे खेळ म्हणजे बुद्धिबळाचाच एक विस्तारलेला प्रकार होय. सोनें व लांकूड गोळा करावें, बुरूज बांधावे, सैन्य उभारावें, आणि प्रतिपक्षाचें ठाणें जमीनदोस्त करावें. २००२ सालीं ‘वॉरक्राफ्ट ३’ निघाला, त्याच्यासोबत ‘वर्ल्ड एडिटर’ नांवाचें एक साधन कंपनीनेंच दिलें होतें. त्याच्या साह्यानें खेळाडूला नवे प्रदेश आंखतां येत, सैनिकांचे गुण बदलतां येत, फार काय, जिंकण्याहरण्याचे नियमही नव्यानें घडवितां येत. अशा फेररचनेला ‘मॉड’ म्हणतात. ज्या खेळास ही मुभा असते त्याच्याभोंवतीं सूचना करणारांचा मोठा मेळा जमतो. त्यांतल्या बहुतेक सूचना टाकाऊ असतात, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. ज्याला त्याला आपल्या आवडत्या पलटणीचें बळ दुप्पट झालेलें हवें असतें. खेळाचा तोल सांभाळण्याची काळजी मात्र दुसऱ्यानें वाहावी! परंतु सूचना करून थांबणारा आणि रात्रीमागून रात्री जागून ती सूचना खरी करून दाखविणारा, हे दोघे एकाच तराजूंत घालणें हा अन्याय आहे.

या दुसऱ्या वर्गानें काय केलें तें पाहावें. त्याच कंपनीच्या १९९८ सालच्या ‘स्टारक्राफ्ट’ खेळासाठीं एका हौशी खेळाडूनें ‘ईऑन ऑफ स्ट्राइफ’ नांवाचा नकाशा केला होता. तें बीज घेऊन २००३ च्या सुमारास दुसऱ्या एकानें ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्यें ‘डोटा’ रचला. त्याची कल्पना वरवर पाहतां वेडगळ वाटावी अशी होती. खेळाडूनें बांधकाम करूं नये, सैन्यही उभारूं नये. त्यानें फक्त एका वीराचें सारथ्य करावें. पांच वीर इकडे, पांच तिकडे, मध्यें तीन वाटा, आणि त्या वाटांनीं शिपाई आपोआप चालून येत आहेत. ज्या गोष्टींनीं या खेळांस युद्धनीतीचे खेळ म्हणावयाचें, त्यांपैकीं निम्म्या त्यानें खुशाल काढून टाकल्या, आणि उरलेल्या निम्म्यांतून एक नवा प्रकारच जन्मास आला. भर घालण्याच्या सूचना हजारों मिळतात. काय काढावें हें सुचणारा विरळा. पुढें हा नकाशा एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला, शेंकडों खेळाडूंच्या सूचनांनीं घांसला गेला. २००९ सालीं रायट कंपनीनें ‘लीग ऑफ लेजंड्स’ काढला तो याच वळणावर, आणि २०१३ सालीं वाल्व्ह कंपनीनें ‘डोटा २’ काढला तो जुन्या ‘डोटा’च्याच एका रचनाकारास पदरीं घेऊन. त्याच्या २०२१ च्या स्पर्धेंत बक्षिसांची रक्कम चार कोटि डॉलरांच्या वर गेली. मध्यंतरीं ‘डोटा’ या नांवावरून ब्लिझार्ड व वाल्व्ह यांच्यांत तंटा झाला, तो २०१२ सालीं तडजोडीनें मिटला. जें नांव दोघांपैकीं कोणींही ठेवलेलें नव्हतें, त्याची वांटणी दोघांनीं आपसांत केली! एवढा इतिहास डोळ्यांपुढें असतां २०२० ची अट कां आली, हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला युक्तिवाद असा कीं, साधन कंपनीचें, चित्रें कंपनीचीं, वीरही कंपनीचे. मग रचनेंत रचनाकाराचें असें उरलें काय? उरलें तें हेंच कीं, हें सर्व साहित्य जवळ असतांही तो खेळ कंपनीस सुचला नाहीं. शिवाय साधन फुकट मिळालें नव्हतें, खेळाच्या किंमतींत तें आलेलें होतें. आणि केवळ ‘डोटा’ खेळावयास मिळावा म्हणून ज्यांनीं तो खेळ विकत घेतला, त्यांचे पैसे कंपनीच्याच पेटींत पडले. दुसरे म्हणतात, कल्पनेवर कायदा कोणाचीच मालकी मानीत नाहीं. अगदीं बरोबर. पण मग कोणाचीच नसलेली वस्तु कंपनीची कशी झाली? आणि कंपनीनें मागितली आहे ती नुसती कल्पना नव्हे, पुरी केलेली रचना, अक्षरन् अक्षर. तिसरे म्हणतात, सक्ति कोठें आहे? २००२ सालीं ज्यांनीं दाम मोजून खेळ घेतला त्यांनाही कंपनीच्या जाळ्यावर खेळत राहावयाचें तर नवी आवृत्ति व तिच्याबरोबर नव्या अटी पत्कराव्या लागल्या. घर विकून झाल्यावर अठरा वर्षांनीं दाराचें कुलूप बदलावें, तशांतला हा प्रकार.

एकच आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. कंपनीनें उद्यां स्वतःच्या बुद्धीनें कांहीं नवें काढलें आणि तें एखाद्या खेळाडूच्या मॉडसारखें निघालें, तर कोर्टकचेरीचें संकट उभें राहील. ही भीति खोटी नाहीं. परंतु तिच्या निवारणास कंपनीला त्या रचनेचा उपयोग करण्याची परवानगी मिळाली म्हणजे पुरे. विहिरीचें पाणी वापरण्याची मुभा हवी असतां शेतच लिहून मागणें हा कुठला न्याय?

याहून सभ्य रीत आहे, आणि ती चालते. १९९९ सालच्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्यें इराण, चीन व जपान होते, हिंदुस्थान नव्हता. ती उणीव हौशी खेळाडूंच्या एका मंडळानें आपल्या ‘फर्गॉटन एम्पायर्स’ या मॉडनें भरून काढली. तेंच काम २०१३ सालीं खेळाचा अधिकृत विस्तार म्हणून प्रसिद्ध झालें, आणि तें मंडळ पुढें खेळ रचणारी संस्था बनलें. २०२२ सालच्या विस्तारांत त्याच संस्थेनें एका हिंदुस्थानाच्या जागीं हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली व द्राविड असे चार पक्ष आणले. त्या चौघांत देवगिरीच्या यादवांना स्वतंत्र घर नाहीं ही आमची तक्रार आहेच. पण ती येथें नको.

देवगिरीचें नांव मात्र वाया गेलेलें नाहीं. समजा, पुण्याच्या एखाद्या मुलीनें सहा महिने खपून त्या किल्ल्याचा भुयारी मार्ग, खंदक आणि वेढा यांवर ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्यें एक नवाच खेळ रचला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचें ५७ वें कलम सांगतें कीं, हक्क विकून टाकल्यावरही ही कृति माझी आहे असें म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्यापाशीं राहतो. वर सांगितलेली अट नेमका हाच अधिकार तिच्याकडून फुकट सोडवून घेऊं पाहते. जे आमचे मित्र या अटीस व्यवहार म्हणून गौरवितात, त्यांनीं त्या मुलीच्या आईबापांसमोर बसून तें परवानापत्र मराठींत मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि त्याखालीं तिनें सही कां करावी तें सांगावें.