यादीतले शब्द आणि कामातले शब्द

परदेशी शिक्षणासाठी अथवा स्थलांतरासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि धार-देवासच्या मराठी घरांतूनही आता मुले ती देऊ लागली आहेत. या मुलांच्या हाती शिकवणीवर्गात 'व्यवसाय व कार्यालय' अशा मथळ्याची एक यादी ठेवली जाते. तीत दोन-तीनशे भारदस्त इंग्रजी शब्द असतात. रोज वीस शब्द पाठ करावेत, निबंधात जमतील तितके पेरावेत, गुण आपोआप वाढतील, असे आश्वासन मिळते. पालक शुल्क भरतात आणि निश्चिंत होतात. ही निश्चिंती अनाठायी आहे, हे स्पष्टपणे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात सुमारे 40 मिनिटांत किमान 250 शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. तो चार निकषांवर तपासला जातो: प्रश्नाला दिलेले उत्तर, विचारांची सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांचे वजन सारखेच. म्हणजे ज्या शब्दसंपदेसाठी एवढा आटापिटा चालतो, तिचा वाटा चौथ्या हिश्शाचा. आणि त्या हिश्शातही शब्द किती अवघड आहे हे पाहण्याआधी तो नेमका बसला आहे की नाही हे पाहिले जाते. घोकून आणलेल्या भाषेवर अवाजवी भिस्त ठेवणे हे त्या परीक्षेच्या जाहीर निकषांतच निकृष्ट लेखनाचे लक्षण म्हणून नमूद आहे. मग यादी पाठ करून मुलाने नेमके काय मिळवले?

नेमकेपणा म्हणजे काय, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. मध्यप्रदेशच्या 1966 च्या नागरी सेवा नियमांत सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीनंतर पुन्हा सरकारी नोकरीचे दार उघडे राहते. दुसरीनंतर ते सामान्यतः बंद होते. एका शब्दाच्या फरकाने माणसाचे उरलेले आयुष्य बदलते. यादी पाठ केलेला विद्यार्थी मात्र बेधडक लिहितो, की मंदीमुळे कंपनीने शंभर कामगारांना 'डिसमिस' केले. 'डिसमिस' म्हटले की सर्वसाधारणपणे कामगाराच्या वर्तनाकडे किंवा कामातल्या उणिवेकडे बोट जाते. मंदीत दोष कामगाराचा नसतो, तेथे 'ले ऑफ' अथवा 'रिडंडन्सी' हवे. यादीत हे सारे शब्द 'नोकरी जाणे' या एकाच अर्थापुढे ओळीने मांडलेले असतात. पीथमपूरच्या कारखान्यात ज्याचा काका कामाला आहे, त्या मुलाला हा भेद घरी पाच मिनिटांत समजला असता. पण काकांना विचारायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

दुसरी गोष्ट शब्दांच्या सोबतीची. मराठीत आपण अर्ज करतो, रजा काढतो, राजीनामा देतो, सभा भरवतो, पदभार स्वीकारतो, हिशेब चुकता करतो. प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे. इंग्रजीतही तसेच आहे. तेथे 'डेडलाइन' ही 'मीट' करतात, 'कम्प्लीट' करीत नाहीत. सुटे शब्द पाठ करणाऱ्याला ही सोबत कळत नाही. ती वाक्यातून, व्यवहारातून आणि वाचनातूनच अंगवळणी पडते.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीही याद्या केल्याच होत्या. अवश्य केल्या होत्या. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला राजव्यवहारकोश ही कारभाराच्या शब्दांची यादीच होय. त्याच्या दहा वर्गांत कार्यस्थानवर्ग आहे, लेखनवर्ग आहे आणि व्यापाराचा पण्यवर्गही आहे. परंतु तो कोश ज्यांच्यासाठी होता, त्यांना काम ठाऊक होते; फारसी नावाच्या जागी संस्कृत नाव तेवढे घ्यावयाचे होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत 1931 साली प्रसिद्ध झालेला शासनशब्दकल्पतरूही चालत्या कचेऱ्यांसाठी होता. आपल्या मुलांची स्थिती नेमकी उलट आहे. नाव पाठ आहे, पण ते ज्या कामाचे नाव आहे ते काम कधी पाहिलेले नाही.

पवारांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांत फडणीस, चिटणीस, पोतनीस झाले ते लेखणीच्या बळावर. ती लेखणी उमेदवारीत घडत असे. आज हा शब्द निवडणुकीपुरता उरला आहे. तेव्हा त्याचा अर्थ दफ्तरात बसून, नकला करीत, थोरांचे बोल ऐकत काम शिकणे असा होता. पत्राचे मायने तेही पाठ करीत. मात्र मायन्याखालचा मजकूर ज्याचा त्यालाच लिहावा लागे. 1948 साली धार व देवासची संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, कचेरीची भाषा हिंदी झाली, आणि आपल्या मागील पिढीने तीही आत्मसात केली. ती काही याद्या घोकून केली नाही. रोज टिपणे लिहून केली.

यावर आक्षेप येईल, की परीक्षा दोन महिन्यांवर आली असता एवढी उमेदवारी करायला सवड कोठे आहे? सवड यादीतच दडलेली आहे. वीस शब्दांऐवजी रोज चार घ्यावेत, पण ते एकाच कामाचे घ्यावेत. नेमणूक कशी होते, पाळी कशी बदलते, पगारातून काय कापले जाते, तक्रार कोणाकडे करतात, हे घरातल्या नोकरदार माणसाकडून प्रथम मराठीत ऐकावे. मग त्याच विषयावर घड्याळ लावून इंग्रजीत लिहावे आणि जाणत्याकडून तपासून घ्यावे. मराठीत जे सांगता येत नाही ते इंग्रजीत लिहिता येईल, या भ्रमात कृपया राहू नये.

आपल्या समाजात निवृत्त लेखापाल, बँक अधिकारी, शिक्षक आणि कारखान्यांतील पर्यवेक्षक यांची वाण नाही. त्यांची सायंकाळ मोकळी असते आणि मुले यादी घेऊन शेजारच्याच खोलीत बसलेली असतात. मधली भिंत आपण उभी केली आहे. शुल्क भरले की कर्तव्य संपले, अशी समजूत करून घेऊन. परीक्षा मुलाची असली, तरी तिच्यासाठी लागणारे कामाचे ज्ञान आपल्यापाशी आहे. ते देण्याची कंजुषी करून वर मुलाच्या इंग्रजीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.